काळोख्या मुंबईचे पुणेरी मूळ

कोल्हापूर-साताऱ्याकडून येणारा रस्ता कात्रजचा घाट उतरून पुण्यात शिरतो तो स्वारगेटला. त्या बाजूच्या एसटी गाड्या आजही तिथेच लागतात. याच वाटेने १९३३ साली कोल्हापुरातली एक अख्खी चित्रसंस्था आपला संसार गुंडाळून पुण्याला आली, ती म्हणजे प्रभात फिल्म कंपनी. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी १ जून १९२९ रोजी ती कोल्हापुरात काढली होती. चार वर्षांतच तिला मोठी जागा, वीज-पाण्याची सोय आणि मुंबईचा शेजार हवासा वाटू लागला. एरंडवण्याच्या माळावर, तेव्हाच्या वस्तीपासून बऱ्याच लांब, स्टुडिओ उभा राहिला.

प्रभात म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तुकाराम आणि ज्ञानेश्वर येतात, बोधचिन्हातली तुतारी फुंकणारी ती स्त्री येते. ते योग्यच आहे. पण त्याच माळावर आणखी एका प्रकारच्या चित्रपटाचे बी पडले, आणि त्याची नोंद आपण फार कमी घेतली. पावसाने भिजलेला रस्ता, एकच दिवा, भिंतीवरची लांब सावली, जुगाराचा अड्डा, क्लबात गाणारी मुलगी, टोपी कपाळावर ओढलेला आणि सिगारेट पेटवणारा तरुण. अशा अमेरिकन चित्रपटांना नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने १९४६ मध्ये ‘फिल्म न्वार’ हे नाव दिले. पुढच्या दहा-बारा वर्षांत मुंबईत ‘बाजी’, ‘आरपार’, ‘सी.आय.डी.’ हे चित्रपट आले, आणि जुन्या हिंदी सिनेमाचे वेड असलेली माणसे आजही ते पुन्हा पुन्हा बघतात. त्यांची वंशावळ सांगणारे बहुतेक लोक थेट हॉलिवूड गाठतात. मला ती वंशावळ अपुरी वाटते, कारण तिच्यातले पुणे गाळले जाते.

सुरुवात एका फसलेल्या प्रयोगापासून करावी लागते. १९३३ मध्ये प्रभातने ‘सैरंध्री’ रंगीत करायचे ठरवले. रंगाची प्रक्रिया भारतात होणे शक्य नव्हते, म्हणून शांताराम फिल्म घेऊन जर्मनीला गेले. रंग बिघडले, पैसा गेला, चित्रपटही चालला नाही. पण त्या मुक्कामात शांतारामांनी जर्मन स्टुडिओ पाहिले. तिथल्या कॅमेरामनांनी विसाच्या दशकात प्रकाशाची एक वेगळी भाषा घडवली होती. पात्राच्या मनातली भीती किंवा पाप त्याच्या तोंडून न वदवता खोलीतल्या उजेड-अंधारातून दाखवायचे, हे तिचे सूत्र. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिओदमाक, बिली वाइल्डर अशी माणसे देश सोडून गेली, पुढे हॉलिवूडमध्ये पोहोचली आणि तिथला गुन्हेपट त्यांनी घडवला. तोच प्रकाश एका फसलेल्या प्रयोगातून शिकून आलेल्या कोल्हापूरच्या माणसाबरोबर पुण्यालाही आला.

त्याचा पहिला पुरावा १९३४ चा ‘अमृतमंथन’, प्रभातचा पुण्यातला पहिला चित्रपट. नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवर बेतलेली ही कथा पशुबळी बंद करू पाहणारा राजा आणि त्याच्याविरुद्ध कट करणारा राजगुरू यांच्यातल्या संघर्षाची. मराठीत राजगुरूची भूमिका केशवराव दात्यांनी केली, हिंदीत चंद्रमोहन यांनी. मशालींच्या हलत्या उजेडात कटाची बैठक चालते आणि टेलिफोटो भिंगाने घेतलेला राजगुरूचा एक डोळा सबंध पडदा व्यापतो. नाटकाच्या सपाट उजेडाला सरावलेल्या प्रेक्षकाला हे नवे होते. त्या डोळ्यातला धाक शब्दाविना पोचत होता. हिंदी आवृत्ती मुंबईत पंचवीस आठवडे चालली.

‘अमृतमंथन’ला पुराणकाळाचा पडदा होता. तीच सावली आजच्या शहरात, आजच्या माणसांवर पाडायची, हे पाऊल पडले १९३९ च्या ‘माणूस’मध्ये. हिंदीत त्याचे नाव ‘आदमी’. मला हा चित्रपट या सगळ्या कहाणीचा कणा वाटतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

गणपत हा साधा पोलीस शिपाई. जुगारअड्ड्यावर धाड पडते तेव्हा तिथली मैना त्याच्या समोर येते आणि तो तिला पकडून द्यायच्या ऐवजी वाचवतो. गणपत झाले होते शाहू मोडक, ज्यांना प्रेक्षक कृष्णाच्या भूमिकांमुळे ओळखत. मैना झाल्या शांता हुबळीकर. गणपत तिच्या प्रेमात पडतो, तिला घरी आईपुढे नेतो. देवभोळ्या आईच्या मायेने मैना इतकी संकोचते की आपण या घराच्या लायक नाही असे मानून निघून जाते. पुढे तिला छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो आणि ती तुरुंगात जाते. गणपतने मात्र जगणे सोडू नये, असा तिचा आग्रह. ‘देवदास’ने देशभर हळहळत मरणाऱ्या प्रियकराचे जे वेड पसरवले होते, त्याला शांतारामांनी दिलेले हे उत्तर होते.

हे सगळे घडते ती गल्ली प्रभातच्या आवारात उभारली होती. फत्तेलालांच्या हाताखाली प्रभातचा कलाविभाग नेपथ्यात देशात अव्वल मानला जाई. त्यांनी राजवाडे आणि देवळे अनेक उभारली होती. इथे त्यांनी भिंतींचे पोपडे, जिने, खिडक्या, चहाचे दुकान असा सगळा गलिच्छ मोहल्ला बांधला. ही गल्ली बहुतेक वेळा आपल्याला रात्रीच दिसते. दिव्याचा उजेड एका कोपऱ्यात, बाकी सगळे काळे. शिपाई आणि बदनाम बाई यांच्यामध्ये कायदा, समाज आणि स्वतःचे मन असे तीन पहारेकरी उभे. अमेरिकेतल्या न्वारची बहुतेक गाजलेली नावे १९४१ नंतरची आहेत. ‘माणूस’ त्याआधी आला, आणि त्यात त्या प्रकारचे जवळपास सगळे साहित्य हजर आहे: धाड, अड्डा, पोलीस, परिस्थितीने गुन्ह्यात ढकललेली स्त्री, न टळणारा शेवट. ‘माणूस’ हा न्वार आहे असा माझा दावा नाही. त्याची श्रद्धा फार जुनी आणि फार ठाम आहे, शेवटी तो जगण्याच्या बाजूने कौल देतो. पण हिंदी सिनेमाला शहरी रात्र दाखवायला ज्यांनी शिकवले त्यांत तो फार वरचा, एवढे मी नक्की म्हणेन.

मग युद्ध आले. कच्च्या फिल्मवर नियंत्रण बसले, चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांत बसवण्याची सक्ती झाली. काळ्या बाजारातला पैसा चित्रधंद्यात शिरला. ज्याच्याकडे रोकड तो निर्माता बनू लागला आणि नट-नट्यांना मोठाल्या रकमा देऊ लागला. मासिक पगारावर माणसे ठेवून, एका आवारात सुतारापासून दिग्दर्शकापर्यंत सगळ्यांना नांदवणारी प्रभातसारखी संस्था या शर्यतीत मागे पडणार हे उघड होते. भागीदारांतले मतभेदही वाढले. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढले. १९४५ मध्ये दामले गेले. बाबूराव पै यांच्या व्यवस्थापनाखाली प्रभात चालू राहिली, पण तिला आता नवी, स्वस्त आणि तरुण माणसे हवी होती.

या पडत्या काळातच दोन मुलगे तिच्या दारात आले.

पहिला १९४४ मध्ये आला. वसंतकुमार शिवशंकर पडुकोण, वय एकोणीस. जन्म बंगळूरचा, वाढला कलकत्त्यात. अल्मोड्याला उदयशंकर यांच्या केंद्रात नृत्य शिकला. युद्धामुळे केंद्र बंद पडले, तेव्हा कलकत्त्यात लिव्हर ब्रदर्समध्ये टेलिफोन ऑपरेटर म्हणून बसला आणि त्या खुर्चीत रमला नाही. मामांच्या खटपटीने त्याला प्रभातचा तीन वर्षांचा करार मिळाला. आपण त्याला गुरुदत्त म्हणून ओळखतो. प्रभातमध्ये पडेल ते काम करायचे. ‘चाँद’मध्ये तो कृष्णाच्या छोट्या भूमिकेत उभा राहिला. १९४५ च्या ‘लाखारानी’त सहायक दिग्दर्शक झाला. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. ‘रणांगण’सारखी कादंबरी लिहिणाऱ्या, दोन महायुद्धांच्या मधल्या माणसाचे तुटलेपण मराठीत सर्वांत आधी ओळखणाऱ्या लेखकाच्या हाताखाली ‘प्यासा’च्या दिग्दर्शकाने उमेदवारी केली, ही गोष्ट आपल्या साहित्याच्या इतिहासातही लिहिली जायला हवी होती.

दुसरा लाहोरला शिकून १९४३ मध्ये मुंबईत आलेला पंजाबी तरुण. चर्चगेटजवळ लष्करी सेन्सॉरच्या कचेरीत तो सैनिकांची पत्रे वाचत असे. प्रभात नवा चेहरा शोधते आहे असे कळल्यावर बाबूराव पैंना भेटला आणि डेक्कन क्वीनने पुण्याला रवाना झाला. तो देव आनंद. त्याचा पहिला चित्रपट ‘हम एक हैं’ १९४६ मध्ये आला. त्यात दुर्गा खोटे होत्या, रेहमान होता, आणि नृत्यदिग्दर्शन गुरुदत्तचे होते.

या दोघांची भेट कशी झाली ते देव आनंदने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. दोघांचे कपडे एकाच धोब्याकडे जात. एके दिवशी देवला आपला शर्ट मिळाला नाही, आणि स्टुडिओत समोरून येणाऱ्या एका तरुणाच्या अंगावर तो दिसला. विचारल्यावर त्या तरुणाने मोकळेपणाने सांगितले की धोब्याने हाच दिला, म्हणून मी घातला. दोघे हसले आणि मैत्र जमले. पुढे रेहमानही त्यांत आला. कामाच्या मानाने वेळ भरपूर आणि पैसा थोडा, अशा दिवसांत पुण्याच्या रस्त्यांवर हिंडताना दोघांनी एकमेकांना वचन दिले. गुरुदत्त दिग्दर्शक झाला तर नायक देव. देव निर्माता झाला तर दिग्दर्शक गुरुदत्त. तरुणपणी अशी वचने पुष्कळ दिली जातात. हे पाळले गेले, म्हणून पुढचा इतिहास घडला.

प्रभातचे शिक्षण काय होते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गुरुदत्त आला तेव्हा शांताराम तिथे नव्हते. पण स्टुडिओची शिस्त, ‘माणूस’ची गल्ली बांधणारे कारागीर, प्रकाश मोजूनमापून टाकण्याची सवय आणि प्रत्येक विभागात हात घालायची मुभा हे सगळे होते. एखाद्या मोठ्या मुंबई स्टुडिओत सहायकाला जे वर्षानुवर्षे बघायला मिळत नाही ते या तीन वर्षांत त्याला करायला मिळाले. आणि एक मोठी संस्था कशी विझत जाते हेही त्याने आतून पाहिले. ‘कागज़ के फूल’मधला ओस पडलेला स्टुडिओ पाहताना मला ही तीन वर्षे आठवतात.

१९४७ मध्ये करार संपला. मुंबईत माटुंग्याच्या घरी गुरुदत्तने बेकारीचा मोठा काळ काढला. इंग्रजी साप्ताहिकासाठी गोष्टी लिहिल्या, ‘कश्मकश’ नावाचे कथानक लिहून ठेवले, जे दहा वर्षांनी ‘प्यासा’ झाले. मग अमिय चक्रवर्ती आणि ‘किस्मत’वाले ग्यान मुखर्जी यांच्याकडे सहायकी केली. ‘किस्मत’ने १९४३ मध्येच खिसेकापू नायक लोकांच्या गळी उतरवला होता, तेव्हा हा धागाही त्याच्या हाती लागला.

बाहेर मुंबई बदलत होती. फाळणीने उखडलेली माणसे शहरात येत होती. युद्धकाळातला काळा बाजार आटला नव्हता. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि तिच्या मागोमाग हातभट्टी, चोरटी आयात, गुपचूप चालणारे अड्डे आले. स्वातंत्र्याने जे देऊ केले होते ते मिळाले नाही असे वाटणारा सुशिक्षित बेकार कोपऱ्याकोपऱ्यावर उभा होता. अमेरिकन न्वारच्या मुळाशी युद्धातून परतलेला, मन हरवलेला सैनिक असे म्हणतात. आपल्याकडे त्या जागी हा बेकार तरुण आहे. त्याचे दुःख रिकाम्या खिशाचे, आजारी बहिणीचे, भाड्याच्या खोलीचे.

देव आनंद आणि त्याचा भाऊ चेतन आनंद यांनी १९४९ मध्ये ‘नवकेतन’ काढली. पहिला ‘अफसर’ चेतनने दिग्दर्शित केला. दुसरा गुरुदत्तकडे आला, पुण्यातल्या वचनाप्रमाणे. ‘बाजी’ १९५१ मध्ये प्रदर्शित झाला. कथा-पटकथा बलराज साहनींची, गाणी साहिरची, संगीत सचिनदेव बर्मन यांचे. मदन हा हाताचा सफाईदार जुगारी. बहीण आजारी, पैसा नाही, म्हणून तो एका क्लबाच्या धन्याच्या जाळ्यात सापडतो. धन्याचा चेहरा बराच काळ दिसत नाही. दिसते ती अंधारातली आकृती आणि ऐकू येतो आवाज. क्लबात नाचणारी लीना, म्हणजे गीता बाली, त्याच्यावर जीव लावते. एका प्रसंगी पडद्याआड बंदूकवाला दबा धरून बसलेला असतो आणि लीना गाण्यातूनच मदनला सावध करते. गाणे मध्येच आणून चिकटवण्याची सवय असलेल्या सिनेमात इथे गाणे हाच प्रसंगाचा ताण आहे. गाणे काढा, कथा लंगडी पडेल. गाण्याला कथेत असे गुंफणे ही गुरुदत्तची मोठी देणगी, आणि अमेरिकन न्वारकडे तिच्या तोडीचे काही नाही.

चित्रणाचे मुख्य काम व्ही. रात्रा यांच्याकडे होते. त्यांचे सहायक व्ही. के. मूर्ती यांनी एका गाण्यात आरशातल्या प्रतिबिंबावरून सुरू होणारा अवघड शॉट सुचवला आणि करून दाखवला. गुरुदत्तने त्यांना हेरले. पुढच्या ‘जाल’पासून मूर्ती त्याचे कॅमेरामन झाले, ते शेवटपर्यंत. मोठ्या भिंगाने घेतलेले जवळचे चेहरे, डोळ्यांत तरंगणारा उजेड आणि मागे विरघळलेले जग, ही ओळख याच जोडीने पक्की केली. ‘अमृतमंथन’च्या त्या डोळ्यापासून गीता बालीच्या डोळ्यांपर्यंतचे अंतर सतरा वर्षांचे.

‘बाजी’ने आणखी माणसे दिली. बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर असलेला आणि प्रवाशांना हसवणारा बद्रुद्दीन काझी बलराज साहनींच्या नजरेत भरला, दारुड्याची नक्कल करून गुरुदत्तपुढे उभा राहिला आणि जॉनी वॉकर झाला. गीता रॉय गाणी म्हणायला आली आणि १९५३ मध्ये गीता दत्त झाली.

यानंतर गोष्टी भराभर घडल्या. ‘जाल’ (१९५२) गोव्याच्या कोळीवाड्यात घडतो, नायक सोन्याची तस्करी करणारा आणि बराच वेळ खलनायकच. ‘आरपार’ (१९५४) मध्ये गुरुदत्त स्वतः तुरुंगातून सुटलेला टॅक्सीवाला झाला. संवादलेखक अब्रार अल्वींनी त्यात मुंबईच्या रस्त्यावरची बोली आणली. गॅरेजवाला, फेरीवाला, पोऱ्या, प्रत्येकाच्या तोंडी त्याची त्याची भाषा. १९५६ मध्ये गुरुदत्तने निर्माता म्हणून ‘सी.आय.डी.’ काढला आणि दिग्दर्शन आपला सहायक राज खोसला याला दिले. वर्तमानपत्राच्या संपादकाचा खून होतो, इन्स्पेक्टर शेखर तपासाला लागतो आणि प्रतिष्ठित माणसाच्या घरापर्यंत पोचतो. मारेकरी झाला होता मेहमूद. वहिदा रेहमान हिंदी पडद्यावर आली ती याच चित्रपटात. टेलिफोनची घंटा, मोटारीचे दिवे, रात्रीचा ओला रस्ता यांची जुळणी यात इतकी सफाईदार आहे की साठ-सत्तर वर्षांनंतरही ती जुनाट वाटत नाही.

या चित्रपटांचा आवाज कुठून आला? त्यातला मोठा हिस्सा गोव्याचा. हॉटेलांत आणि नाचघरांत जॅझ वाजवणारे गोमंतकीय वादक दिवसा रेकॉर्डिंगला येत. संगीतकार ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा करीत. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या बरोबर होते, आणि भगवान दादांच्या ‘अलबेला’त (१९५१) पडद्यावरही दिसतात. पुणतांब्याचा चितळकर म्हणजे सी. रामचंद्र, मुंबईच्या कामगारवस्तीतले भगवान आणि गोव्याचा ट्रम्पेटवाला यांनी मिळून हिंदी सिनेमाला नाचघराचा ताल दिला. १९५२ मध्ये आकाशवाणीने सिनेसंगीताला दार लावले, तेव्हा लोकांनी रेडिओ सिलोन लावले. ती गाणी तिथून घराघरांत आली.

मराठी वाचक या अंधाराला तयार होता, आणि त्याचे श्रेय बाबूराव अर्नाळकरांना द्यायला हवे. गिरगावात चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या या माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड ही नावे चाळीस-पन्नासच्या दशकांत घराघरांत होती. छोटी, स्वस्त पुस्तके, भडक मुखपृष्ठ, एका बैठकीत संपणारी गोष्ट. वाचनालयांत त्यांच्यासाठी नंबर लागत आणि एसटी स्थानकांवरच्या पुस्तकांच्या दुकानांतून ती गावोगाव जात. स्वारगेटला गाडीची वाट बघत बसलेल्या माणसाला असले एक पुस्तक रात्रीच्या प्रवासाला पुरत असे. समीक्षकांनी अर्नाळकरांकडे पाठ फिरवली, याचे मला वाईट वाटते. मुंबईच्या बंदरावरची रात्र, बुरखेधारी इसम, मोटारीचा पाठलाग ही चित्रे त्यांनी लाखो मनांत आधीच काढून ठेवली होती. ‘बाजी’ बघायला गेलेला मराठी प्रेक्षक त्या अंधाराला बिचकला नाही.

आता या सगळ्याचा जमाखर्च मांडू. अमेरिकन न्वारमधली मोहिनी घालणारी बाई नायकाला बुडवते. आपल्याकडची क्लबातली बाई बहुधा नायकासाठी गोळी झेलते. ‘माणूस’मधल्या मैनेची ही लेकरे आहेत, असे मला नेहमी वाटते. शेवटी नायक कायद्याच्या बाजूला येतो, थोडी शिक्षा भोगतो आणि मोकळा होतो. यात सेन्सॉरची धास्ती होती, प्रेक्षकाला घरी समाधानाने पाठवायची व्यापारी गरज होती, आणि नव्या राष्ट्रावरची खरीखुरी श्रद्धाही होती. त्यामुळे आपला अंधार अमेरिकेइतका कडवट कधीच झाला नाही. काहींना ही उणीव वाटते. मला त्यात त्या काळाचा प्रामाणिकपणा दिसतो. खरी कडवट रात्र गुरुदत्तने नंतर दाखवली, ‘प्यासा’ (१९५७) आणि ‘कागज़ के फूल’ (१९५९) मध्ये, आणि तिथे गुन्हेगार कोणी एक माणूस नव्हता, अख्खा समाज होता. ‘प्यासा’तला निर्दय प्रकाशक झाला रेहमान, प्रभातमधला जुना सोबती. भारतातल्या या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटाला, ‘कागज़ के फूल’ला, लोकांनी नाकारले आणि गुरुदत्तने पुन्हा कधी दिग्दर्शक म्हणून नाव लावले नाही.

वारसा मात्र पसरला. राज खोसला आणि विजय आनंद यांनी रहस्यपट पुढे नेला. मराठीतही १९६४ मध्ये राजा परांजपे यांनी ‘पाठलाग’ काढला, जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर. पत्नीच्या चितेला अग्नी दिलेल्या वकिलापुढे हुबेहूब तशीच बाई आरोपी म्हणून उभी राहते. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांनी ही कोंडी जिवंत केली. दोन वर्षांनी याच कथेवरून हिंदीत ‘मेरा साया’ झाला आणि त्याचा दिग्दर्शक होता राज खोसला. पुण्यातून मुंबईला गेलेला प्रवाह मराठी कादंबरीपाशी येऊन पुन्हा भरला. साठच्या दशकात रंग आले, डोंगर-बागा आल्या, आणि काळ्या-पांढऱ्या रात्रीची सद्दी संपली. १० ऑक्टोबर १९६४ रोजी गुरुदत्त गेला. वय एकोणचाळीस.

प्रभात १९५३ मध्येच बंद पडली होती. तिच्या आवारात १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली आणि १९६४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच उभे राहिले. पी. के. नायर यांनी तिथे १९९१ पर्यंत काम केले. चित्रपट मिळवायचा, मग तो चांगला की वाईट हे नंतर ठरेल, ही त्यांची वृत्ती होती, आणि तिच्यामुळेच ज्यांना त्या काळी कोणी विचारत नव्हते असे चित्रपटही वाचले. संग्रहालय आणि इन्स्टिट्यूट यांच्या रसास्वाद शिबिरांतून आणि पुण्यातल्या फिल्म क्लबांतून एक पिढी तयार झाली. तिच्यासाठी जुना सिनेमा म्हणजे नुसती आठवण नव्हती. तो वाचण्याजोगा मजकूर होता. दामल्यांचे चिरंजीव अनंतराव यांनी प्रभातचे चित्रपट परत मिळवून पुन्हा लोकांपुढे आणले, तेही याच शहरात.

नुकसानही इथेच झाले. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या प्रभातकालीन तिजोऱ्यांना आग लागली. नायट्रेटवरची फिल्म पाण्यालाही दाद न देता जळते. प्रभातसह आरंभीच्या भारतीय सिनेमाची कितीतरी मूळ रिळे त्या दिवशी गेली. नायर यांनी जन्मभर केलेल्या कामाची किंमत ज्यांना तोवर कळली नव्हती त्यांना ती त्या आगीने कळली असावी.

वेड मात्र टिकून आहे. देव आनंदच्या जन्मशताब्दीला, सप्टेंबर २०२३ मध्ये, ‘सी.आय.डी.’ देशभरातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. गुरुदत्तच्या शताब्दीला २०२५ मध्ये त्याचे दुरुस्त केलेले चित्रपट मोठ्या पडद्यावर आले, आणि ज्यांच्या आजोबांनी ते पाहिले होते अशी मुले तिकीट काढून गेली. माझी एक मागणी आहे. पुण्यातल्या एखाद्या फिल्म क्लबाने ‘माणूस’, ‘बाजी’ आणि ‘पाठलाग’ हे तीन चित्रपट एका आठवड्यात, याच क्रमाने दाखवावेत. ‘माणूस’मधली रात्रीची गल्ली आणि ‘बाजी’तला क्लब एकापाठोपाठ पाहिले की दिवा कुठे ठेवला आहे, सावली कुठल्या भिंतीवर पडते आहे आणि तिच्यात उभी असलेली बाई काय लपवते आहे, हे शेजारी बसलेल्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.